साहेबासाठी १५७, शिपायासाठी १६८ : अकरा सेंटिमीटरचा हिशेब मागणारे खुले पत्र

प्रति,
सैन्यातले उंची-वजनाचे निकष ठरवणारे सर्व वरिष्ठ अधिकारी,
नवी दिल्ली

जय हिंद साहेब,

हे पत्र नागपुरातून लिहितो आहे. मी पायदळातला निवृत्त हवालदार. मानकापूरच्या बाजूला राहतो आणि गेली काही वर्षं पहाटे पाच वाजता घराजवळच्या मैदानावर भरतीची तयारी करणाऱ्या पोट्ट्या-पोट्टींना पळवतो. फी घेत नाही, म्हणून त्याला अकॅडमी म्हणता येत नाही. एक शिटी, एक स्टॉपवॉच, पुल-अप मारायला लोखंडी पाइपाचे दोन बीम आणि उडी मारून ओलांडायला नऊ फुटांचा एक खड्डा, एवढाच संसार. खड्डा आम्हीच खणला, पावसाळ्यात त्यात बेडूक राहायला येतात.

मैदानाच्या कडेला पाण्याच्या टाकीची भिंत आहे. तिच्यावर मी लाल ऑइलपेंटनं दोन रेघा मारून ठेवल्या आहेत. एक १६८ सेंटिमीटरवर, ती मुलांची. दुसरी १६२ वर, ती मुलींची. नवीन पोरगं आलं की आधी त्याला भिंतीला टेकवून उभं करतो आणि डोक्यावर सुताराचा गुण्या धरतो. धावणं, बीम, लेखी पेपर हे सगळं मेहनतीनं जमतं. उंची जमत नाही. रेघेखाली राहिलेल्या पोराला पहिल्याच दिवशी खरं सांगून टाकणं मला बरं वाटतं. त्याची दोन वर्षं तरी वाचतात.

एका मुलीनं मात्र मी हे सांगूनही ऐकलं नाही. उमरेडकडची आहे. वडील विटाभट्टीवर, आई दुसऱ्यांच्या वावरात निंदायला. ही इथं मावशीकडे राहते, दिवसा एका कापडाच्या दुकानात काम करते आणि पहाटे पळते. १६०० मीटर ती ६ मिनिटं ४२ सेकंदांत काढते. मिलिटरी पोलीसच्या मुलींसाठी पहिल्या गटाची वेळ साडेसात मिनिटं आहे, म्हणजे ही पाऊण मिनिट आधीच रेघ ओलांडून कमरेवर हात ठेवून उभी असते. दहा फूट लांब उडी, तीन फूट उंच उडी, दोन्ही सहज. उंची १५८ आणि वर अर्धा.

गुण्या धरला तेव्हा तिनं वेणी सोडून केस सपाट केले, श्वास भरून घेतला आणि मान ताणली. टाचा जरा उचलल्या होत्या. मी म्हटलं, "टाचा खाली घे बाई." तिनं खाली घेतल्या. नंतर कुणीतरी तिला सांगितलं की सकाळी उठल्या उठल्या माणूस थोडा उंच असतो. हे खरंही आहे, रात्रभर पडून राहिल्यानं मणक्यांमधल्या चकत्या फुगतात. म्हणून ती पुढचे पंधरा दिवस धावण्याच्या आधी मोजून घ्यायची, मग बीमला लटकून पुन्हा मोजायची. एका खासगी क्लासवाल्यानं उंची वाढवायची पावडर म्हणून तिच्याकडून सहा हजार रुपये घेतले. विशीतल्या मुलीची हाडं पावडरीनं वाढत नसतात. पण दुकानात महिनाभर साड्यांच्या घड्या घालून मिळवलेले ते पैसे तिनं दिले. लेखी परीक्षा ती पास झाली, भरतीच्या रॅलीला गेली, उंचीच्या पट्टीखाली उभी राहिली आणि परत आली. धावायची वेळच आली नाही.

आता माझा प्रश्न.

हीच मुलगी अधिकारी व्हायला गेली असती तर उंचीत बसली असती. सेनेत अधिकारी होणाऱ्या स्त्रीला किमान उंची १५२ सेंटिमीटर लागते. पुरुषाला १५७. जवान व्हायचं तर आपल्या भागातल्या मुलाला १६८ लागते आणि मुलीला १६२. म्हणजे १५८ची मुलगी लेफ्टनंट होऊ शकते, तिला सॅल्यूट करणारी जवान होऊ शकत नाही. १६० चा मुलगा कंपनी कमांडर म्हणून सियाचिनला जाऊ शकतो, त्याच कंपनीत रायफलमन म्हणून नाही. डोंगर तोच, बर्फ तोच, गोळी तीच.

मी हे पहिल्यांदा दोन्ही जाहिराती शेजारी ठेवून वाचलं तेव्हा वाटलं छपाईची चूक असेल. चूक नव्हती. नोकरीत असताना माझ्या कधी लक्षात आलं नाही, कारण आमच्या कंपनीत बुटके साहेबही होते आणि त्यांच्यात काही कमी आहे असं आम्हाला कधी जाणवलं नाही. एक कॅप्टन साहेब माझ्या खांद्याला लागायचे. रात्रीच्या दौडीत पिठ्ठू, म्हणजे पाठीवरची सामानाची पिशवी, घेऊन ते पुढे आणि आम्ही मागे धापा टाकत.

तुम्ही म्हणाल, अधिकाऱ्याचं काम वेगळं. मान्य. पण तुमचीच गोरखा पलटण घ्या. गोरखा जवानाला १५७ सेंटिमीटर पुरते. ते अधिकारी नाहीत, तेच काम करतात, आणि कसं करतात हे मी तुम्हाला सांगायला नको. ही उंची त्यांच्या डोंगरातल्या लोकांची सरासरी पाहून ठरवली असणार. शहाणपणाचा निर्णय आहे. १५७ सेंटिमीटरचा माणूस युद्धात कमी पडत नाही हे सेनेनं स्वतःच शंभर वर्षं सिद्ध करून ठेवलं आहे. मग १६८ ही संख्या कशातून आली? ओझं उचलण्यातून? खंदकाच्या खोलीतून? की परेडच्या ओळीतून?

सरासरीच धरायची तर तीही धरून बघू. आजच्या तरुण भारतीय पुरुषाची सरासरी उंची सुमारे १६५ सेंटिमीटर आहे, स्त्रीची साधारण १५३. मुलासाठी तुमची रेघ सरासरीपेक्षा तीन सेंटिमीटर वर. मुलीसाठी नऊ. मुलांतली निम्म्याहून जास्त मुलं तुम्ही रेघेखाली ढकलता, हे मी कसंबसं समजून घेतो. मुलींमधल्या मात्र मूठभरच वर उरतात. अग्निपथ ही भरतीची नवी योजना यायच्या आधी मिलिटरी पोलीसच्या मुलींची अट १५२ होती. मे २०२१ मध्ये बंगळुरूहून पहिल्या ८३ मुली बाहेर पडल्या, तेव्हा पेपरात फोटो आला होता. तो कापून मी मैदानावरच्या पोरींना दाखवला. त्यानंतर रेघ एकदम दहा सेंटिमीटर वर सरकली. काम बदललं का? वाहतूक वळवणं, कैदी सांभाळणं, छावणीतली शिस्त, मोटरसायकल चालवणं, हे सगळं तेच आहे. काय कमी पडलं म्हणून दहा सेंटिमीटर वाढवले, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. सेनेत मुलींना जवान म्हणून जायला सध्या तेवढाच एक रस्ता आहे, आणि त्याच्या दारावर चौकट इतकी वर लावली आहे की उलट बोलावं लागतं: वाकून नाही, उंच होऊन आत या.

लोक तिला म्हणतात, पोलीस भरती मार. महाराष्ट्र पोलिसांत मुलीला १५५ चालते. ती मारेलही. पण तिला जायचं होतं सेनेत. आणि "अधिकारी हो" असं म्हणणारेही भेटतात. त्यांना वाटतं एनडीएत, म्हणजे अधिकारी घडवणाऱ्या प्रबोधिनीत, शिरणं नागपूरच्या बर्डीवरून बस पकडण्याइतकं सोपं. २०२१ साली सुप्रीम कोर्टानं एनडीएचं दार मुलींना उघडलं, पहिल्या सतरा मुली मे २०२५ मध्ये तिथून बाहेर पडल्या, अभिमान वाटला. पण ती परीक्षा, ते इंग्रजी, तो इंटरव्ह्यू, वयाची ती साडेएकोणीसची अट, हे सगळं ज्या घरात टेबल-खुर्ची आहे त्या घरातल्या मुलांना जमतं. विटाभट्टीवरच्या घरातून जवानाचाच रस्ता दिसतो. म्हणजे ज्यांना लहानपणी पोटभर मिळालं त्यांच्यासाठी उंचीची रेघ खाली, आणि ज्यांना नाही मिळालं त्यांच्यासाठी वर. तुम्ही मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण झालंय तसं.

कारण उंची ही काही नुसती आई-बापाची देणगी नसते. पहिल्या दोन-तीन वर्षांत बाळाच्या पोटात काय गेलं, आईच्या पोटात असताना आईनं काय खाल्लं, किती वेळा जुलाब झाले, यावर माणूस किती वाढेल ते बरंचसं ठरून जातं. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी आढळली. शंभरात पस्तीस. ही पोरं काही वर्षांनी माझ्या भिंतीपाशी येतील. मेळघाटातली येतील, गडचिरोलीतली येतील. आदिवासी भागातल्या आदिवासींना तुम्ही उंचीत सवलत ठेवली आहे, ती ठेवायलाच हवी होती. पण त्याच गावात, त्याच बोडीचं पाणी पिऊन वाढलेलं ढिवराचं पोरगं त्यात बसत नाही. भूक जात पाहून येत नाही, सवलत पाहून देते.

आणि सवलतीचंच निघालं म्हणून माझ्या घरातलं सांगतो. माजी सैनिकाच्या मुलाला उंचीत दोन सेंटिमीटर, छातीत एक सेंटिमीटर, वजनात दोन किलो सूट मिळते. माझा मुलगा १६६ आहे. तो चालतो. त्याच्यासोबत पळणारा, त्याला दर रविवारी पन्नास मीटर मागे टाकणारा, रिक्षावाल्याचा १६७ चा मुलगा चालत नाही. माझी पेन्शन आणि माझे बिल्ले माझ्या पोराच्या हाडांत शिरून दोन सेंटिमीटर कसे झाले, हे मला अजून कळलेलं नाही. ही सूट काढा असं म्हणायला घरात मला जेवण मिळणार नाही, तरी लिहितो. १६६चा मुलगा सैनिक म्हणून चालतो, असं तुम्ही या सवलतीतून कबूलच केलंय ना? मग दोघांनाही घ्या, नाहीतर दोघांनाही घेऊ नका.

मला कल्पना आहे, अट ही चाळणीही असते. एका जागेमागे शेकडो पोरं. मी स्वतः ज्या दिवशी भरती झालो त्या दिवशी मैदानावर इतकी गर्दी होती की माझी एक चप्पल तिथंच राहिली, शोधायला गेलो नाही. एवढ्या पोरांना पळवायचं कसं? पट्टी लावली की अर्धी गर्दी कमी, खर्च शून्य. पूर्वी हे समजण्यासारखं होतं. पण २०२३ पासून तुम्ही क्रम बदलला. आता आधी संगणकावर लेखी परीक्षा, त्यात निवडलेल्यांनाच मैदानावर बोलावणं. गर्दी परीक्षेतच गळते. तरी जुनी चाळणी जागच्या जागी. गहू एकदा चाळून झाल्यावर पुन्हा चाळणीत कोण घालतं?

इथं एक गोष्ट आमच्या नागपूर-कामठीच्या आठवणीतली सांगायला हवी. कामठीची छावणी १८२१ ची. या भागात सैन्य हा शब्द घराघरात आहे. १८९२ च्या सुमारास इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली. कोण 'लढाऊ' आणि कोण नाही याचं एक शास्त्र तेव्हा त्यांनी काढलं होतं, त्यात उंची, बांधा, वंश सगळं आलं. ज्यांची नावं कोरेगावच्या स्तंभावर कोरली आहेत त्यांच्या नातवांना सांगितलं, तुम्ही लढवय्ये नाही. अर्ज-विनंत्या करता करता जवळपास पन्नास वर्षं गेली. १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, तिची दुसरी पलटण १९४२ मध्ये इथं कामठीत. पुढं त्या रेजिमेंटनं काय केलं ते तुमच्या दप्तरात आहे. आजची उंचीची अट आणि ती बंदी एकच आहे असं म्हणण्याइतका मी अडाणी नाही. पण सैन्याचा निकष शास्त्राच्या नावाखाली चुकू शकतो, आणि दुरुस्त व्हायला अर्धं शतक लागू शकतं, एवढं त्यातून दिसतं.

आता वजनाकडे वळतो. यात माझं स्वतःचं दुखणं आहे, तेव्हा जरा जास्त लिहिलं गेलं तर सांभाळून घ्या.

मी पलटणीच्या कबड्डी संघात होतो. उंची १७१, वजन ७९. मांड्या आणि खांदे असे की तयार शर्ट कधी बसला नाही. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी पाच किलोमीटरच्या दौडीत पलटणीतल्या पहिल्या वीसांत यायचो, दोर चढायचो, नऊ फुटांचा खड्डा पिठ्ठूसकट ओलांडायचो. त्या वर्षीच्या वार्षिक मेडिकलला एमआय रूममध्ये, म्हणजे पलटणीच्या तपासणी दवाखान्यात, काट्यावर उभा राहिलो. काटा थरथरत ७९ वर थांबला. नर्सिंग असिस्टंटनं भिंतीवरच्या तक्त्यावर बोट फिरवलं. उंची, वय, वजन. तक्त्याच्या रेषेपेक्षा मी सहा-सात किलो वर. "उस्ताद, ओव्हरवेट." एवढंच. पोट दाबून पाहिलं नाही, कंबर मोजली नाही, मी काल काय धावलो ते विचारलं नाही. तात्पुरती खालची मेडिकल कॅटेगरी लागली. कॅटेगरी लागली म्हणून प्रमोशनच्या कोर्सला नाव गेलं नाही. पुढच्या वर्षी गेलं तेव्हा माझ्या मागचे दोघं पुढे गेले होते. मी हवालदारच राहिलो.

युनिटचं नाव लिहीत नाही, त्या असिस्टंटचा काही दोष नव्हता. त्याला तक्ता दिला होता, त्यानं तक्ता वाचला.

पुढच्या मेडिकलच्या आधी मी काय केलं ते सांगतो, म्हणजे तुम्हाला कळेल की या काट्यानं काय मोजलं जातं. आठ दिवस भात-पोळी बंद. शेवटचे दोन दिवस पाणी घोट-घोट. दुपारी रेनकोट घालून पळणं. एका दोस्तानं लघवी जास्त व्हायच्या गोळ्या आणून दिल्या, त्याही घेतल्या. सहा किलो उतरलो. काट्यानं मला फिट म्हटलं. त्या संध्याकाळी पाच किलोमीटर पळायला लावलं असतं तर मी कोसळलो असतो. जेव्हा मी खरा फिट होतो तेव्हा काटा अनफिट म्हणाला आणि जेव्हा उभं राहायची ताकद नव्हती तेव्हा फिट. माझ्यासारखे किती जण हे करतात ते प्रत्येक एमआय रूमला माहीत आहे.

उंचीच्या वर्गानं वजनाला भागायचं हे गणित क्वेटले नावाच्या एका बेल्जियन खगोलशास्त्रज्ञानं १८३० च्या दशकात मांडलं. त्याला लोकसंख्येची सरासरी पाहायची होती, एकेका माणसाचं आरोग्य नाही. बीएमआय हे नाव तर १९७२ मध्ये मिळालं. आणि यावर आपल्या पुण्यातलं एक उदाहरण आहे, ते तुमच्या डॉक्टरांना पाठ असेल. केईएम हॉस्पिटलचे डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉक्टर युडकिन या दोघांनी २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. काट्याला दोघंही एकच माणूस. आपल्याकडे बारीक दिसणाऱ्या माणसाच्या पोटात चरबी दडलेली असते, हे त्यांनी जगाला दाखवलं. म्हणजे हा काटा दोन्हीकडून चुकतो: कबड्डीवाल्याला जाड म्हणतो, आणि हडकुळ्या दिसणाऱ्या पण पोटानं सुटलेल्या माणसाला सोडून देतो. त्या दुसऱ्याचंच हृदय चाळिशीत दगा देतं. सोबतचा एक नाईक असाच गेला. तक्त्यात तो कायम बसायचा.

कुणी असं समजू नये की मला सैन्यात पोटं सुटलेली चालतात. नाही चालत. पंचवीस-तीस किलोचं ओझं पाठीवर घेऊन चढणाऱ्याच्या गुडघ्यावर प्रत्येक जादा किलो बसतो. नागपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा जादा चरबीवाला जवान आधी ऊन लागून पडतो, आणि तो पडला की त्याला उचलायला चार जण लागतात. ते चार जण मी पाहिलेत, त्यांच्यात मीही होतो. वजन तपासायलाच हवं. पण काट्यावर आकडा जास्त दिसला तर पुढं कंबर मोजा, चरबी मोजा, रक्त तपासा, आणि सगळ्यात आधी त्याला पळवा. पळून वेळेत आला, दोर चढला, ओझं घेऊन पोहोचला, तर त्याची कॅटेगरी कशासाठी पाडता? अमेरिकेच्या सेनेनं मार्च २०२३ मध्ये हेच केलं: शारीरिक चाचणीत ६०० पैकी ५४० गुण आणि प्रत्येक प्रकारात किमान ८० मिळवणाऱ्या सैनिकाला चरबीच्या मोजणीतून सूट दिली. त्यांची सगळी धोरणं आपण घ्यावीत असं नाही, ती तर दर दोन वर्षांनी बदलतात. पण कामाला पहिला मान आणि काट्याला दुसरा, हा क्रम घेण्यासारखा आहे.

निकष समान दिसला म्हणजे न्याय्य झाला असं नसतं, हे तर आपल्याच सुप्रीम कोर्टानं सेनेला सांगितलं आहे. २५ मार्च २०२१ चा लेफ्टनंट कर्नल नितीशा यांच्या खटल्याचा निकाल. कायम कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची नोकरी, मिळावं म्हणून स्त्री अधिकारी वर्षानुवर्षं लढल्या. २०२० मध्ये कोर्टानं हक्क दिला. मग त्यांची वैद्यकीय तपासणी झाली ती चाळीस-पंचेचाळीसच्या वयात, आणि त्यांना निकष लावला तो पुरुष अधिकाऱ्यांना पंचविशी-तिशीत, नोकरीच्या पाचव्या किंवा दहाव्या वर्षी लागणारा 'शेप-१', म्हणजे सगळ्यात वरचा वैद्यकीय दर्जा. कागदावर सगळ्यांना एकच नियम. कोर्ट म्हणालं, ही मनमानी आहे, हा आडवाटेनं केलेला भेदभाव आहे. त्यांचं आरोग्य नोकरीच्या पाचव्या-दहाव्या वर्षी कसं होतं ते पाहा. नियम सगळ्यांना सारखा असून कुणाला तरी सारखा-सारखा बाहेर ठेवतो, तेव्हा नियमाकडेच पाहावं लागतं.

असंच कॅनडात १९९९ मध्ये झालं होतं. जंगलातली आग विझवणारी एक बाई, तीन वर्षं चोख काम करत होती. नवी चाचणी आली: अडीच किलोमीटर अकरा मिनिटांत. तिला ४९.४ सेकंद जास्त लागले, नोकरी गेली. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सरकारला एकच विचारलं: आग विझवायला ही अकरा मिनिटं लागतातच हे दाखवा. सरकारला दाखवता आलं नाही. बाई कामावर परत आली. मी तुम्हाला तोच प्रश्न विचारतो आहे, फक्त मिनिटांच्या जागी सेंटिमीटर आहेत.

मैदानावरची मुलं मला याचा उलटा प्रश्न विचारतात, तोही इथं ठेवतो, नाहीतर ती म्हणतील सरांनी आमचं लिहिलं नाही. "सर, आम्हाले साडेपाच मिनटं अन् पोरींले साडेसात, हे काहून?" तक्रार खोटी नाही. माझं उत्तर असं की तब्येत तपासण्याची चाचणी वयाप्रमाणे, बाई-पुरुषाप्रमाणे वेगळी असू शकते, कारण तिथं शरीर निरोगी आहे का एवढंच बघायचं आहे. पण कामाची चाचणी सगळ्यांना एकच असावी. जखमी माणसाला स्ट्रेचरवर घालून इतकं अंतर न्यायचं, तर ते मुलीनंही न्यायचं आणि माझ्या पोरानंही. जी नेईल ती नेईल. ज्या कामाला हे लागतच नाही तिथं ते मागू नये. हे ऐकून मुलं गप्प होतात, पटल्यामुळं की सर ओरडतील म्हणून, ते सांगता येत नाही.

माझं मागणं मोठं नाही. १६८, १६२, आणि वजनाचा तो तक्ता, या प्रत्येक आकड्यामागं कोणतं काम आहे ते जाहीर करा. चाचण्या घेतल्या असतील तर निकाल सांगा. एखाद्या कामाला खरंच उंची लागत असेल, लागत असेलही, तर त्या कामापुरती ठेवा, आम्ही एक शब्द बोलणार नाही. लागत नसेल तर जवानाची रेघ अधिकाऱ्याच्या रेघेपर्यंत खाली आणा. धावण्याची वेळ एका सेकंदानंही सैल करू नका, हवी तर कडक करा. बीम दहाचे बारा करा. माझी पोरं मारतील. मेहनतीनं जे वाढतं ते कितीही मागा.

आणि हे लवकर करा, कारण वय कुणाच्या फाइलीसाठी थांबत नाही. उमरेडच्या त्या मुलीकडे आता जेमतेम एक भरती उरली आहे.

मागच्या रविवारी उरलेल्या रंगातून मी टाकीच्या भिंतीवर आणखी दोन रेघा मारल्या. १५७ आणि १५२. दौड संपवून पोरं आली, पाणी पिता पिता एकानं विचारलं, "सर, ह्या कोणाच्या?"

"साहेबांच्या," म्हटलं.

तो रिक्षावाल्याचा मुलगा चप्पल काढून १५७ च्या रेघेखाली जाऊन उभा राहिला. रेघ त्याच्या डोळ्यांजवळ येत होती. मग ती मुलगी १५२ च्या खाली. रेघ तिच्या कपाळावर. दोघंही हसायला लागले. पोरगा म्हणाला, "म्हणजे सर, मी तुम्हाले ऑर्डर देऊ शकतो, पण तुमच्यासारखा होऊ नाही शकत?"

मी त्याला म्हटलं, दिल्लीला विचारून सांगतो. त्याच्यासाठी हे पत्र.

रविवार सोडून रोज पहाटे पाच ते सात मैदानावर असतो. रविवारी सहाला येतो.

आपला,
एक निवृत्त हवालदार
मानकापूर, नागपूर